चिंधी बांधलेलं झाड

आंबेटेक, ता. खेड
भोगी, १३ जानेवारी २०२६

परवीन,

तुला नमस्कार, मीरासाहेबचाचांना सलाम, रुबीनाला आशीर्वाद. इथं आम्ही बरे आहोत. चिखलीत सहाव्या मजल्यावर थंडी कमी वाजत असेल असं समजते. चाचांचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमध चघळायला दे त्यांना. तुला सांगणारी मी कोण म्हणा, तरी दे.

फोन लावला की कट करतेस. सतरा वेळा केलास, मोजलंय मी. व्हॉट्सअ‍ॅपवर तर तुझा फोटोसुद्धा दिसेनासा झालाय. म्हणून या सातवी पास बाईनं शेवटी सार्थकची जुनी वही काढली. शाळेत शिकवलं तसं शुद्ध लिहायचा प्रयत्न करते आहे. मधेच बोलते तसं आलं तर हसू नकोस. नाही, हसच. हसलीस तर मला बरं वाटेल.

गिरजाबाई रविवारी भाजी घेऊन तुमच्या सोसायटीत येते, तेव्हा हे वॉचमनजवळ ठेवील. तिनं ते ठेवावं अशी आशा करते. असं का म्हणते ते पुढं कळेल.

आज तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, भोगीची भाजी केली. वांगी मात्र चाकणच्या बाजारातून विकत आणली. शालनबाईच्या घरात भोगीला विकतची वांगी! गिरजाबाई म्हणाली, "आक्का, तुमची मर लागून गेली म्हून काय झालं? माझ्या रानातली न्या की." मी नको म्हटलं. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं, तेव्हा ती फणकाऱ्यानं निघून गेली.

त्याचं खाली लिहिते. आधी गावातलं ऐक.

कंपनीला आपल्या गायरानातली तीन एकर जागा पाहिजे आहे. कार बनवणारी कंपनी नव्हे, त्या तर चाकणला पायलीच्या पन्नास आहेत. ही बियाण्याची. त्यांनी प्रयोगशाळेत नवं वांगं केलंय. शेंडे पोखरणारी अळी त्या झाडाला तोंड लावते आणि तिथंच मरते, म्हणजे औषध वरून मारायचं नाही, ते बियाण्यातच घातलेलं. त्याची चाचणी आपल्या गायरानात करायची. वरची सरकारी परवानगी यायची तेव्हा येईल, पण त्यांना गावाचा होकार आधीच कागदावर हवा. बदल्यात शाळेला कॉम्प्युटर आणि देवळापुढं सभामंडप. उद्धवराव सरपंच नसले तरी अजून सरपंचासारखेच चालतात, ते दारोदार सांगत फिरतायत, "गावाचं कल्याण हाय, बायांच्या नादाला लागू नका." बायांच्या म्हणजे आमच्या. गायरान द्यायचं की नाही, त्याचा ठराव प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत येणार आहे.

आम्हीही स्वस्थ बसलेलो नाही. तळवड्याच्या आयटी पार्कातली मंजुषा आठवते ना, रविवारी तुझ्याकडून मेथीच्या दोन जुड्या घ्यायची ती? तिनं कामावरून सुट्टी काढून अर्ज छापून आणले. सह्या कुठं घेतो माहीत आहे? चाकणच्या चौकात. ट्रॅफिक अडकला की अर्धा तास कोणी हलत नाही. ट्रकवाले, कंपनीच्या बसमधले, सगळे कंटाळलेले. मी खिडकीशी जाऊन म्हणते, "दादा, नुसतं हॉर्न वाजवण्यापेक्षा इथं सही करा." कांदा मार्केटातल्या हमालांनी सह्या दिल्या. एका बिहारी ड्रायव्हरनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माँजी, बीज कंपनी का, तो खेत किसका?" मी म्हटलं, तूच ये ग्रामसभेला भाषण करायला. दोन हजारांवर सह्या झाल्यात. या जन्मात चाकणचा ट्रॅफिक कोणाच्या उपयोगी पडला असेल तर तो आमच्या.

आता तू म्हणशील, हे मला कशाला ऐकवतेस? तुझी एक एकर त्या गायरानाला लागून आहे. आणि तुझं मत अजून इथल्याच यादीत आहे, मी पंचायतीत जाऊन पाहिलंय.

चहा टाकून आले. चुलीवरचा उतू गेला. वांग्याचं लिहायचं म्हटलं की मला काही ना काही काम आठवतं.

लिहितेच.

तुला ठाऊक आहेच, पण रुबीना वाचत असेल तर तिला समजावं म्हणून सांगते. आपल्यात बी धरायचं ते झाड आधी नजरेनं निवडतात आणि त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. चिंधी बांधलेल्या झाडाचं वांगं कोणी तोडत नाही, जावई जेवायला आला तरी नाही. ते झाडावरच पिवळं होतं. मग बी धुवायचं, राखेत घोळायचं, वाळलेल्या भोपळ्यात भरून ठेवायचं. आपल्या बियाण्याच्या गटात सातजणी, आणि चिंधी बांधायचा मान माझा. चाळीस वर्षं मी बांधते आहे. माझ्या डोळ्यावर तुम्हा सगळ्यांचा भरवसा, आणि माझा तर तुमच्याहून जास्त.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी माझ्या रानात एका झाडाला चिंधी बांधली. काय झाड होतं! सगळ्या वाफ्यात कीड होती, त्याला एक भोक नव्हतं. देठाला काटेही कमी. मला वाटलं, वा, आता तोडताना हात टोचणार नाहीत. त्याच झाडाचं बी मी अक्षय्य तृतीयेला तुम्हा सगळ्यांना वाटलं. तुला मूठभर जास्तच दिलं, तुझं पीक मागच्या वर्षी कमी आलं होतं म्हणून. तू ओढणीच्या पदरात घेतलंस ते मला अजून दिसतं.

ऑक्टोबरात मंजुषानं तपासायच्या पट्ट्या आणल्या. पान चुरडून पाण्यात घालायचं, पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर आपलं गावरान, दोन आल्या तर कंपनीचं कारागिरी केलेलं. गिरजाबाई म्हणाली, "आगं, सुनेला दिवस गेले का बघत्यात तसलीच हाय की ही," आणि आपण सगळ्या पोट धरून हसलो. तुझं रान रस्त्याकडेला, म्हणून पहिलं पान तुझं घेतलं. दोन रेघा आल्या.

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. मी काय बोलले तेही. निम्मं गाव शाळेच्या ओसरीवर होतं. तू म्हणालीस, "आक्का, बी तुमचं हाय. चिंधी तुमी बांधली." आणि मी म्हणाले, दुकानदाराची लेक, पाकीट फोडल्याशिवाय हात राहतो का. चाचांनी चाकणच्या दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, पाकिटातलं बी विकलं, पण आपल्या रानात कधी पाकिटातलं घातलं नाही, हे मला ठाऊक असताना म्हणाले. गटाचा नियम आहे, ज्याच्या रानात खोटं निघेल त्याचं नाव तीन वर्षं ओसरीवरच्या गटाच्या फळ्यावरून खाली. मी स्वतः ओल्या फडक्यानं तुझं नाव पुसलं. मंजुषा म्हणत होती, बाकीच्यांचीही पानं बघू. मी म्हटलं, कशाला, चोर सापडला. उरलेल्या तीन पट्ट्या मी माझ्याकडं ठेवून घेतल्या.

परवीन, त्यातली एक मी तिसऱ्या दिवशी वापरली. माझ्या रानातल्या पानावर. गोठ्यामागं, दुपारी, घरात कोणी नसताना.

दोन रेघा.

दुसरी लावली. दोन. तिसरी लावायची हिंमत झाली नाही, ती अजून माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे.

सार्थक फर्स्ट शिफ्ट करून आला तेव्हा त्याला धरलं. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाला, "आई, दोन वर्षांमागं तुझी निम्मी वांगी मर लागून गेली होती. तू बांधावर बसून रडत व्हतीस. कंपनीतला एकजण बाहेरनं रोपं आणून विकायचा, अळी लागत न्हाई म्हणाला. चाळीस रोपं आणली आन् तू माहेरी गेलतीस तवा मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या भरल्या. तुला बरं वाटावं म्हून सांगितलं न्हाई." बघ, आईला बरं वाटावं म्हणून! त्या चोरून आलेल्या रोपांची काहीच माहिती नव्हती त्याला. त्यांचा पराग भुंग्यांनी माझ्या वांग्यांवर नेला आणि पुढच्या साली ते झाड उगवलं. मला तरी कुठं होती? सगळ्या रानातलं एकच झाड असं की ज्याला कीड नाही, आणि माझ्या मनात शंका नाही, उलट मी माझ्याच नजरेचं कौतुक करत बसले. चांगलं झाड निवडायची सवयच मला घेऊन बुडाली.

मी रान उपटलं. मर लागली म्हणून सांगितलं. आणि गप्प बसले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. गिरजाबाई आणि बाकीच्या त्याच बियाण्याची वांगी चिखलीच्या सोसायट्यांत 'गावरान' म्हणून विकत होत्या, आणि मी बाजूला उभी राहून पिशव्या भरून देत होते. रोज मनाशी म्हणायचे, आता मोहीम चाललीय, आता बोलले तर उद्धवरावांचं फावेल, ठराव होऊ दे, मग सांगू. मोहिमेचं नाव पुढं करून मी माझं तोंड लपवलं. एवढंच.

आणि अजून एक राहिलं. ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. त्या दिवशी ओसरीवर मी पाकिटाचं बोलून थांबले नाही. मी म्हणाले, "तुम्हा लोकांचा भरवसा धरला हीच माझी चूक." तुम्हा लोकांचा. म्हणजे कोणाचा ते गावाला बरोबर कळलं, आणि तुला तर कळलंच. तू विळा कमरेला खोचलास आणि चालू लागलीस, आणि मग गाव सोडून चिखलीला गेलीस. माझ्या बाळंतपणात तुझ्या अम्मीनं मला महिनाभर आळीव पाजलं, आणि माझ्या तोंडून ते निघालं. त्या दिवसापासून रोज स्वतःची लाज वाटते आहे मला. माफ कर म्हणत नाही, कारण तू म्हणशील आक्का मागायला बरी येते. पण चुकले. फार वाईट चुकले.

आता काय करणार ते ऐक. उद्या संक्रांत. हळदीकुंकवाला सगळ्या माझ्या ओसरीवर जमतील, त्यांना आधी सांगणार. मग सव्वीस तारखेला ग्रामसभेत, ठरावाच्या आधी, उभी राहून सगळ्या गावाला. तुझं नाव घेऊन. मंजुषाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आपला नकाराचा ठराव हातचा जाईल कदाचित." गेला तर गेला, पुन्हा आणू. पण खोट्यावर उभं राहून 'आमचं बी खरं' असं मी ओरडणार नाही. तीन महिने ओरडले, घसा बसला.

एक विचारायचं आहे, आणि विचारायचा मला काही हक्क नाही. माझ्याकडचं जुनं बी संपलं. चाचांच्या माळ्यावर एक भोपळा टांगलेला असायचा, तुझ्या अम्मीच्या हातचा. त्यात आपल्या काटेरी वांग्याचं, माझ्या त्या चिंधीच्या आधीचं बी अजून असेल का? नसेल तर हे वाण गावातून गेलं, असं समजायचं.

तिळगूळ पाठवत नाही. माझ्या हातचा तू घ्यावास अशी वेळ अजून आलेली नाही.

शालन

*

आंबेटेक
२७ जानेवारी २०२६

परवीन,

तुझं उत्तर आलं नाही. यावं असंही नव्हतं. पण गिरजाबाईनं पत्र वॉचमनजवळ ठेवलं नाही, वर येऊन तुझ्या हातात दिलं, हे तिनं मला सांगितलं. नंतर रुबीनानं तिला सांगितलं म्हणे की अम्मीनं दोनदा वाचलं आणि डाळीच्या डब्याखाली ठेवलं. फेकलं नाहीस. तेवढ्यावर मी हे दुसरं लिहायला बसले आहे.

हळदीकुंकवाला सांगितलं तेव्हा कोणी कुंकू लावून घ्यायला थांबलं नाही. गिरजाबाई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खुरपं घेऊन आली आणि म्हणाली, "बसलाय काय आक्का, उठा, माझं रान उपटायचं हाय." माझं आधीच गेलं होतं, बाकीची सगळी रानं उपटली, जाळली. रविवारी चिखलीत टेबलावर पाटी लावली, की आम्ही विकलेली वांगी आम्ही सांगितली तशी नव्हती. काही बायका तावातावानं बोलून गेल्या. बरोबरच आहे त्यांचं. एकजण मात्र पाटी वाचून म्हणाली, मग मेथी तरी द्या.

काल झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा बसली. एवढी माणसं लग्नालाही जमत नाहीत. कंपनीचे दोन साहेब खुर्च्यांवर. मी उभी राहिले. सगळं सांगितलं. झाड, चिंधी, सार्थकची रोपं, पट्ट्या, माझं गप्प बसणं. म्हणाले, परवीन मीरासाहेब खरं बोलत होती, आणि मी तिला जे बोलले ते तिच्या जातीधर्मावर बोलले, त्याची मला लाज वाटते. सार्थक मागं भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला आणि म्हणाला, "रोपं मी आणली. आईला माहीत नव्हतं." एवढंच बोलून माझ्या शेजारी उभा राहिला.

उद्धवरावांना तर लॉटरीच लागली. उठले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मंडळी, ऐकलंत? ज्यांच्या सोताच्या रानात हे वांगं निघालं, त्या आपल्याला शिकवणार. मग हरकत काय हाय? आलंच हाय गावात, तर रीतसर येऊ द्या."

लोक हसले. मला वाटलं, संपलं.

आणि मग मला राग आला, परवीन. तुला माझा राग माहीत आहे. मी म्हणाले, "उद्धवराव, चाळीस वर्षं मी बी निवडते. आख्ख्या खेड तालुक्यातनं बाया माझ्याकडं झाड ओळखून घ्यायला येतात. माझ्या रानात, माझ्या डोळ्यापुढं, हे झाड वर्षभर उभं होतं आणि मला ओळखू आलं नाही. मी त्याला चिंधी बांधली! सात घरात वाटलं! आता हे साहेब म्हणतात, आम्ही जाळी लावू, बाहेर काही जाणार नाही. अहो, भुंगा एका वांग्यावरून दुसऱ्या वांग्यावर जाताना सातबारा बघतो का? चाळीस रोपांनी गावातलं जुनं वाण पुसलं. तुम्ही तीन एकर मागताय. मी चुकले, म्हणूनच सांगते. माझी चूक माझ्या रानातली होती, ती मी उपटली, जाळली. तुमची चूक कोण उपटणार?"

साहेबांपैकी एकजण काहीतरी बोलायला उठला. मागून चाकणचे हमाल ओरडले, आधी बाईला उत्तर द्या. त्यांचं मत नव्हतं इथं, नुसते ऐकायला आले होते, पण ओरडले झकास.

हात वर करून मतं झाली. बावीस हात आपले जास्त. गायरान द्यायचं नाही, आणि असल्या बियाण्याची चाचणी गावाच्या शिवारात कुठंही होऊ द्यायची नाही, असा ठराव झाला. उद्धवराव म्हणतायत, एक मेच्या ग्रामसभेला पुन्हा आणू. आणा म्हणावं. मीही आहेच.

सभा सुटल्यावर आम्ही शाळेच्या ओसरीवर गेलो. फळ्यावर सर्वांत वर माझं नाव होतं. ते मी पुसलं. गिरजाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का, झालं गेलं." मी म्हटलं, तिला तीन वर्षं आणि मला झालं गेलं? नियम एकच. आता तीन वर्षं मी गटात नाही. बी निवडायचं नाही, वाटायचं नाही, बियाण्याला हात लावायचा नाही. त्या रिकाम्या जागी गिरजाबाईनं खडूनं तुझं नाव लिहिलं. तिचं अक्षर कसलं ते तुला माहीत आहे, पण कोणालाही वाचता येईल इतकं मोठं लिहिलंय.

म्हणून भोपळ्याचं मी मागं घेते. त्यात बी असेल तर मला देऊ नकोस. मला द्यायचंच नाही. तू ये, तुझ्या रानात तू लाव. नाही आलीस तरी तुझं नाव फळ्यावर राहील, ते कशाच्या बदल्यात लिहिलेलं नाही. तुझी एक एकर मी नांगरून घेतली आहे, न विचारता. त्यावरून भांडायचं असेल तर येऊन भांड.

पाकिटात एक चिंधी ठेवली आहे. तुझ्या अम्मीनं बाळंतपणानंतर मला नेसवलेल्या हिरव्या लुगड्याची आहे, इतकी वर्षं पेटीत होती, कधी फाडली नव्हती. काल फाडली. पुढच्या भोगीला ती तू बांध. झाड तू निवड, तुझ्या डोळ्यानं. मी तुझ्या रानात पाण्याची दारं धरीन, आणि झाड कोणतं ते विचारणार नाही.

तुझ्या बांधाशी उभी,
शालन